उद्याच्या गोष्टी आणि आजची भांडणे

राजकारणावर वाद घालायला आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. पारावर, एस. टी.च्या थांब्यावर, न्हाव्याच्या दुकानात, शाळेच्या मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत, लग्नाच्या पंगतीत, जिथे चार माणसे जमली तिथे सरकार बनते आणि तिथेच ते पडतेही. ह्यात वाईट असे काही नाही. माणसे राजकारणावर बोलायला भितात अशा मुलखापेक्षा हा गलबला केव्हाही बरा.

परंतु गेल्या दहा-पंधरा वर्षांत ह्या वादाने आपली जागा बदलली आहे. तो पारावरून उठला आणि मोबाईलमध्ये जाऊन बसला. आता तुम्ही म्हणाल, जागा बदलली म्हणून काय बिघडले? बोलणारी माणसे तीच, विषय तेच. पण नाही, फरक पडतो. पारावर ज्याच्याशी आपण तावातावाने भांडतो त्याच्याकडून उद्या पेरणीसाठी पाभर आणायची असते. त्याच्या आणि आपल्या शेताची पाण्याची पाळी एकाच विहिरीवर असते. त्याच्या मुलीच्या लग्नात आपल्याला वाढायला उभे राहायचे असते. त्यामुळे जीभ कितीही सैल सुटली तरी एका हद्दीपाशी येऊन ती आपोआप थांबते. समोरच्याचा चेहरा उतरलेला दिसतो, आणि कोणीतरी म्हणते, “जाऊ दे रे, चहा सांग.” मोबाईलवर चेहरा दिसत नाही, आणि चहा सांगणाराही कोणी नसतो. शिवाय पारावर ऐकणारे पाचसात असतात, इथे दोनशे असतात. दोनशे माणसांच्या देखत माघार घ्यायला फार मोठे मन लागते. ते आपणा सर्वांपाशी रोज असतेच असे नाही.

ह्या विषयावर समाजशास्त्राचा एखादा जाणकार अधिक अधिकाराने बोलू शकेल. मी जरा आडवाटेने येणार आहे. मला लहानपणापासून विज्ञानकथांचे वेड आहे. तालुक्याच्या वाचनालयात भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न हाती लागला, मग जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे ह्यांच्या कथा वाचल्या, आणि पुढे इंग्रजी वाचता येऊ लागल्यावर वेल्स, असिमॉव्ह, क्लार्क ह्यांच्या मागे लागलो. ते वेड अजून उतरलेले नाही. चाळिशी उलटलेला प्राध्यापक अजून परग्रहावरची माणसे आणि कालयंत्रे वाचतो म्हणून घरात आणि महाविद्यालयात चेष्टा होते, ती मी आनंदाने सोसतो. कारण माझा अनुभव असा आहे की राजकारणावर नीट कसे भांडावे आणि कसे भांडू नये हे मला ज्या पुस्तकांनी दाखवले त्यांत ह्या पुस्तकांचा क्रम बराच वरचा आहे. तेव्हा आज ह्या दोन गोष्टींची सांगड घालून पाहू.

विज्ञानकथा म्हणजे काय? थोडक्यात सांगायचे तर ‘असे झाले तर?’ ह्या प्रश्नाचे प्रामाणिकपणे दिलेले उत्तर. उद्या माणसाला अदृश्य होता आले तर? यंत्रे विचार करू लागली तर? पाऊस पडणेच बंद झाले तर? लेखक एक गोष्ट बदलतो आणि मग बाकीचे जग कसे हलेल ते पायरीपायरीने दाखवतो. मधली पायरी गाळता येत नाही. मराठीत ही परंपरा नवी नाही. १९१५ साली ‘मनोरंजन’ मासिकात श्री. बा. रानडे ह्यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा आली, तेथपासून मराठी विज्ञानकथेची वाटचाल मोजण्याचा प्रघात आहे. पुढे १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिच्या कथास्पर्धांनी ह्या लेखनाला हक्काचे अंगण मिळवून दिले.

त्या स्पर्धेतली एक हकीकत अनेकांना ठाऊक असेल. १९७४ साली स्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कथेला बक्षीस मिळाले, आणि मग कळले की हे जगताप म्हणजे साक्षात जयंत विष्णू नारळीकर! आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी फिरवली होती. आपले जगप्रसिद्ध नाव पाहून परीक्षकांनी भुलू नये, कथा कथा म्हणूनच तोलली जावी, हा त्यांचा हेतू. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. त्यांच्या मोठेपणाच्या अनेक गोष्टी सांगितल्या जातात. मला ही सर्वांत मोलाची वाटते, आणि तिचा उपयोग मी पुढे करणार आहे.

आता कोणाला वाटेल, विज्ञानकथा वाचणारी माणसे म्हणजे डोके ढगांत असलेली. त्यांना कुठले राजकारण? प्रत्यक्षात प्रकार अगदी उलटा आहे. विज्ञानकथेच्या वाचकांनी आपापसांत जितकी राजकीय भांडणे केली तितकी क्वचितच कोणा वाचकांनी केली असतील. त्यांतली दोन मी सांगतो. दोन्ही अमेरिकेतली आहेत.

पहिले १९३९ सालचे. त्या वर्षी २ जुलैला न्यूयॉर्क शहरात विज्ञानकथेच्या चाहत्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले. ‘जागतिक’ हे नाव जरा मोठेच होते. सभागृहात जेमतेम दोनशे माणसे होती आणि त्यांतली बरीचशी कॉलेजच्या वयाची पोरे. ह्या पोरांत दोन तट होते. एका तटाचे म्हणणे, आपण विज्ञानाच्या आणि भविष्याच्या गोष्टी वाचायला जमतो, इथे राजकारण नको. दुसऱ्या तटाचे नाव ‘फ्यूचरियन’. त्यांचा कल डावीकडे होता. ते म्हणत, तिकडे युरोपात हिटलर माजला आहे, आणि तुम्ही उद्याच्या जगाच्या गोष्टी करता पण आजच्या जगाकडे पाठ फिरवता, हे चालणार नाही. संमेलन भरवणारे पहिल्या तटाचे होते. सभागृहाच्या दारात त्यांना छापील पत्रकांचा गठ्ठा सापडला. आमच्या संमेलनावर टीका! झाले, त्यांनी फ्यूचरियन मंडळींतल्या सहा जणांना दारातच अडवले आणि आत सोडले नाही. त्या सहांत डोनाल्ड वोल्हाइम होता, एकोणीस वर्षांचा फ्रेडरिक पोल होता, सोळा वर्षांचा सिरिल कॉर्नब्लथ होता.

गंमत पुढेच आहे. ते पत्रक ह्या सहांपैकी कोणी लिहिलेच नव्हते. ते लिहिले होते डेव्हिड काइल नावाच्या मुलाने, आणि हे महाशय निवांत आत जाऊन बसले होते! आयझॅक असिमॉव्ह हाही त्याच टोळीतला, तोही एकोणीस वर्षांचा. त्याला कोणी अडवले नाही, म्हणून तोही आत गेला. म्हणजे शिक्षा भोगली एकांनी आणि पत्रक लिहिले दुसऱ्याने. आपल्या गावातल्या भांडणांत हे किती वेळा होते ते तुम्ही आठवून पाहा. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला आपण ‘हा त्यांच्यातला’ एवढेच पाहून अडवतो. त्याने काय म्हटले आणि खरे तर कोणी म्हटले, ह्याची चौकशी नंतर होते, किंवा होतच नाही. त्या संमेलनानंतर दोनच महिन्यांनी, १ सप्टेंबरला, दुसरे महायुद्ध पेटले. ‘इथे राजकारण नको’ म्हणणाऱ्यांच्या दारात राजकारण स्वतःच्या पायांनी चालत आले.

दुसरे भांडण १९६८ सालचे. अमेरिका व्हिएतनामच्या युद्धात गुंतली होती आणि सारा देश दुभंगला होता. विज्ञानकथा लेखकही दुभंगले. जून १९६८ च्या ‘गॅलक्सी’ मासिकात समोरासमोरच्या दोन पानांवर दोन जाहिराती छापून आल्या. एका पानावर, अमेरिकेने व्हिएतनाममध्ये राहिले पाहिजे असे म्हणणाऱ्या लेखकांच्या सह्या. समोरच्या पानावर, ह्या युद्धात अमेरिकेने भाग घेण्याला आमचा विरोध आहे असे म्हणणाऱ्यांच्या सह्या. दोन्हीकडे सत्तर-ऐंशी नावे. एका बाजूला रॉबर्ट हाइनलाइन, पोल अँडरसन, जॅक व्हान्स, तर दुसऱ्या बाजूला रे ब्रॅडबरी, उर्सुला ले ग्विन, फिलिप डिक. असिमॉव्ह युद्धाच्या विरोधकांत होता, आणि ज्या संपादकाने त्याला लेखक म्हणून घडवले तो जॉन कॅम्पबेल युद्धाच्या समर्थकांत होता. गुरू एका पानावर आणि शिष्य दुसऱ्या पानावर!

आता ह्या ‘गॅलक्सी’चा संपादक कोण होता? फ्रेडरिक पोल. एकोणतीस वर्षांपूर्वी ज्याला संमेलनाच्या दारातून परत पाठवले होते तोच. मधल्या काळात त्याने काय काय पाहिले असेल ते आपण समजू शकतो. त्याच्या मनात काय होते ह्याविषयी मी अटकळ बांधत नाही, परंतु घडले ते एवढे खरे की दोन्ही बाजूंची नावे एकाच अंकात, समोरासमोर, सारख्याच मानाने छापली गेली. वाचकाने पान उलटले की दोन्ही याद्या एका नजरेत दिसत होत्या. ज्याची कथा वाचून आपण रात्रभर जागलो तो लेखक आपल्या विरुद्ध बाजूला आहे हे वाचकाला कळत होते, आणि तरी त्याची कथा वाईट ठरत नव्हती.

श्रोतेहो, १९३९ चे बंद दार आणि १९६८ ची समोरासमोरची दोन पाने ही दोन चित्रे माझ्या मनात नेहमी शेजारी शेजारी असतात. दुसऱ्या चित्राने युद्ध थांबले नाही. ते पुढे १९७५ पर्यंत चालले. जाहिराती वाचून किती जणांची मते बदलली कोण जाणे. तरीही त्या घरातली माणसे एका घरात राहिली, एकमेकांची पुस्तके वाचत राहिली, एकमेकांच्या पुस्तकांना बक्षिसे देत राहिली. असिमॉव्हच्या यंत्रमानवाचे तीन नियम प्रसिद्ध आहेत. असिमॉव्ह म्हणे, हे नियम कॅम्पबेलने सांगितले. कॅम्पबेल म्हणे, छे, मी ते असिमॉव्हच्याच कथांतून वेचून काढले. राजकारणात इतके अंतर असलेली दोन माणसे श्रेय एकमेकांकडे ढकलतात, हे आजच्या दिवसांत ऐकायला बरे वाटते.

मी असे म्हणत नाही की विज्ञानकथा वाचणारे शहाणे झाले आणि भांडायचे थांबले. २०१५ साली ह्याच मंडळींच्या ह्यूगो पुरस्कारावरून पुन्हा मोठी खडाजंगी झाली. काही जणांनी आपल्या विचारांच्या लेखनाच्या याद्या करून एकगठ्ठा नामांकने घडवून आणली, आणि चिडलेल्या सभासदांनी पाच विभागांत ‘कोणालाच पुरस्कार नको’ असा कौल दिला. त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट कादंबरीचा मान मात्र प्रथमच एका अनुवादित कादंबरीला मिळाला, चीनच्या लिउ त्सिशिन ह्यांच्या ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’ला. भांडण आणि चांगले काम एकाच घरात, एकाच वर्षी. मला तरी ते ओळखीचे वाटते. आपल्या साहित्यसंमेलनांचे वेगळे काय असते?

आता आपल्याकडे येतो. आमच्या शाळेच्या वर्गमित्रांचा मोबाईलवर एक गट होता. चाळीसएक जण. कोणी शेती करतो, कोणी पुण्याला कारखान्यात, कोणी शिक्षक, एक जण दुबईला. वाढदिवस, पावसाच्या बातम्या, जुन्या मास्तरांच्या नकला असे चालले होते. २०१९ च्या निवडणुकीत गट फुटला. कोण काय म्हणाले ते सांगण्यात अर्थ नाही. तुमच्याही गटात तेच म्हटले गेले असेल. दोन गट झाले, एक ह्या विचाराचा, एक त्या. पुढे आमच्यातलाच एक मित्र आजारी पडला. दवाखान्याची, रक्ताची, पैशाची सारी निकड एका गटावर आली. दुसऱ्या गटावर ती पोहोचलीच नाही. तो गेल्याचे दुसऱ्या गटातल्या कित्येकांना दहाव्याच्या सुमारास कळले. त्यांतला एक जण तर त्याच्या शेजारच्याच बाकावर आठ वर्षे बसलेला. तो रक्त द्यायला धावत आला असता. त्याचा रक्तगटही जुळत होता.

राजकीय वादाची किंमत निवडणुकीच्या निकालात मोजायची आपल्याला सवय आहे. मला ती इथे दिसते. सरकारे पाच वर्षांनी बदलतात. मेलेला मित्र काही पाच वर्षांनी परत येत नाही.

ह्या फुटाफुटीतही माझी आणि एका मित्राची वाट तुटली नाही. तो शेती करतो, वाचतो अफाट, आणि त्याचे आणि माझे मत एका पेटीत कधी पडत असेल असे वाटत नाही. आम्हाला सांभाळले ते कॅप्टन नेमोने. ज्यूल व्हर्नच्या ‘समुद्राखाली वीस हजार लीग’ ह्या १८७० च्या कादंबरीतला, पाणबुडीतून हिंडणारा हा गूढ पुरुष. पुढच्या एका कादंबरीत व्हर्नने उलगडा केला आहे की नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या उठावात लढलेला. मित्र म्हणतो, “ज्याचे राज्य गेले, बायकामुले गेली, त्याने शत्रूची जहाजे बुडवली तर त्यात चूक काय?” मी म्हणतो, “आणि त्या जहाजावरच्या खलाशांचे काय? त्यांनी कुठे तुझे राज्य घेतले होते?” हा वाद आम्ही आठवीत असताना सुरू केला आणि तो अजून संपलेला नाही. बारकाईने पाहिले तर त्यात आमचे सगळे राजकारण आहे. अन्याय झालेल्याने कुठवर जावे, सूड आणि न्याय ह्यांची वाट कुठे वेगळी होते, कायद्याने दाद मिळत नसेल तर काय करावे, हे सारे त्यात आले. पण नेमोवरून भांडताना तो माझा द्रोही होत नाही आणि मी त्याचा होत नाही. दोघांच्याही म्हणण्याला पुस्तकात आधार आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. पानच उघडून दाखवता येते!

इथे मला गोष्टीचा खरा उपयोग दिसतो. गोष्ट आपल्याला थोडे लांब नेते आणि तिथून आपलेच घर दाखवते. एच. जी. वेल्सच्या १८९८ च्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ ह्या कादंबरीत मंगळावरचे प्राणी इंग्लंडवर चाल करून येतात आणि तोफांना न जुमानता माणसे मारत सुटतात. इंग्रज वाचक भयाने थरथरला. पण पहिल्याच प्रकरणात वेल्सने त्याला आठवण दिली आहे की ह्या मंगळवासीयांना नावे ठेवण्यापूर्वी आपल्या गोऱ्या लोकांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचे काय केले ते पाहा. साम्राज्य ऐन भरात असताना एका इंग्रजाने इंग्रजांना हे विचारले. सभेत विचारले असते तर हुल्लड झाली असती. गोष्टीत विचारले म्हणून माणसे शेवटपर्यंत ऐकून बसली.

आपल्याकडे १९०५ साली रुकय्या सखावत हुसेन ह्या बंगाली बाईंनी ‘सुलतानाचे स्वप्न’ ही कथा इंग्रजीत लिहिली. मद्रासच्या एका मासिकात ती छापली गेली. त्या कथेतल्या देशात पुरुष पडद्यात राहतात आणि बाया राज्य चालवतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात. बाजू नुसती उलटी केली, आणि इतकी वर्षे सहज वाटणारी गोष्ट एकदम डोळ्यांत खुपू लागली. आणि तो ‘रोबो’ शब्द! चेक लेखक कारेल चापेक ह्याने १९२० साली लिहिलेल्या नाटकातून तो जगभर गेला. त्याच्या भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे सक्तीची मजुरी, आपल्याकडची वेठबिगारच. पुढे आपण यंत्राच्या कौतुकात रमलो आणि शब्दाच्या पोटातला वेठबिगार विसरलो.

मग आपण करायचे काय? माझ्यापाशी जालीम औषध नाही. तीन-चार साध्या गोष्टी आहेत, त्या मी वर्गात करून पाहिल्या आहेत. गावोगावच्या शिक्षकांनीही करून पाहाव्यात.

पहिली, नारळीकरांची. नाव झाका. एखाद्या नेत्याचे विधान, एखादी बातमी, एखादा निर्णय फळ्यावर लिहा, पण कोणी म्हटले ते लिहू नका. मुलांना विचारा, हे पटते का, का पटते? उत्तरे वहीत लिहून झाली की नाव सांगा. वर्गात जी शांतता पसरते ती ऐकण्यासारखी असते. आपण विधान तोलत नव्हतो, नाव तोलत होतो, हे मुलांना न सांगता कळते. मोठ्यांनीही हा खेळ स्वतःशी खेळायला हरकत नाही. हेच काम आपल्या विरुद्ध पक्षाने केले असते तर मी काय म्हटले असते? एवढा एक प्रश्न, कळ दाबण्यापूर्वी.

दुसरी, आपल्या शास्त्रकारांची. जुन्या ग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडत, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे. तेही असे की प्रतिपक्षाने म्हणावे, “होय, मला हेच म्हणायचे होते.” मगच उत्तरपक्षाला तोंड उघडायची मुभा. विज्ञानकथेचा चांगला लेखकही हेच करतो. उर्सुला ले ग्विनने १९७४ च्या ‘डिस्पझेस्ड’ ह्या कादंबरीत दोन जगे रंगवली. एकात कोणाचीच मालकी नाही, दुसऱ्यात पैशाचे राज्य. तिचे मन पहिल्याकडे आहे हे लपत नाही. तरी त्या पहिल्या जगातली उपासमार, तिथला शेजाऱ्यांच्या मताचा जाच, हे तिने हातचे न राखता लिहिले. आपल्या बाजूचे उणे आपणच मांडणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात. वर्गातल्या वादविवादात मुलांना अर्ध्या वेळाने बाजू बदलायला लावा. दारूबंदी असो की ऊस लावावा की ज्वारी असो, विषय गावातलाच घ्या. पहिल्यांदा मुले हसतात, नंतर घाम पुसतात.

तिसरी गोष्ट आकाशवाणीच्या श्रोत्यांना सांगायला मला विशेष आवडते. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेच्या रेडिओवर ऑर्सन वेल्सने त्याच मंगळवासीयांच्या कादंबरीचे नाट्यरूप बातम्यांच्या थाटात सादर केले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ठळक मथळे आले की खरेच स्वारी झाली असे समजून देशभर माणसे रस्त्यावर पळत सुटली. पुढे अभ्यासकांनी तपासले तेव्हा दिसले की काही माणसे घाबरली हे खरे, पण देशभर पळापळ झाल्याची कथा फार फुगवलेली होती. त्या काळी रेडिओ हा वर्तमानपत्रांच्या जाहिरातींत वाटेकरी झाला होता, हेही विसरू नये. म्हणजे लोक अफवेला बळी पडले, हीच मोठी अफवा! तेव्हा ‘त्या गावचे, त्या जातीचे, त्या पक्षाचे लोक कसे मूर्ख आहेत पाहा’ असा मजकूर हाती आला की आधी एक विचारावे, ह्यात फायदा कोणाचा? वर सांगितलेल्या पोल आणि कॉर्नब्लथ ह्या जोडीने १९५३ साली ‘स्पेस मर्चंट्‌स’ नावाची कादंबरी लिहिली. त्यात जाहिरात कंपन्याच जगावर राज्य करतात आणि माणसाला हवे-नको तेही त्याच ठरवतात. आज आपण जितका वेळ त्या काचेकडे पाहत राहू तितके कोणाचे तरी उत्पन्न वाढते. शांत माणूस मोबाईल खाली ठेवून झोपी जातो, संतापलेला माणूस तो रात्री दोनपर्यंत हातात धरतो. आपल्या संतापाचा असा कोणीतरी भाव करतो आहे, हे लक्षात आले तरी पुष्कळ.

चौथी गोष्ट अगदी घरगुती. ज्याच्याशी मतभेद आहे त्याच्याशी एखादे काम सामाईक ठेवा. भजन असो, विहिरीचा गाळ काढणे असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो, नाहीतर नेमोवरचा वाद असो. ते काम चालू असले म्हणजे दार बंद होत नाही. गट दोन झाले तरी दवाखान्याची खबर दोन्हीकडे पोहोचते.

ह्यावर एक शंका निघेल. सगळ्याच बाबतीत दोन्ही बाजू सारख्या असतात का? नसतात. एखाद्याला माणूस म्हणून जगायचा हक्कच नाकारला जात असेल, तर तिथे मध्यावर उभे राहणे हे शहाणपण नव्हे. १९३९ च्या त्या पोरांची तक्रार हीच होती आणि ती रास्त होती. ठाम राहावे, जरूर राहावे. आगरकरांनी आणि टिळकांनी एकमेकांना काय कमी टोले दिले? डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढलेली ही दोन माणसे पुढे दोन वर्तमानपत्रांतून एकमेकांवर तुटून पडली. पण १८९५ साली आगरकर गेले तेव्हा ‘केसरी’त मृत्युलेख लिहायला टिळकच बसले. मतासाठी भांडणे आणि माणूस गमावणे ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, हे त्यांनी आपल्याला दाखवून ठेवले आहे.

विज्ञानकथेची एक सवय मला सर्वांत जास्त उपयोगी पडते. ती आपल्याला शंभर वर्षे पुढे नेऊन उभे करते आणि म्हणते, आता मागे वळून पाहा. तिथून पाहिले की आजचे पुष्कळसे पुढारी पुसट होतात. स्पष्ट दिसतात ती साधी कामे. विहीर कोणी खणली, शाळा कोणी चालू ठेवली, आजाऱ्याला रक्त कोणी दिले. शंभर वर्षांनंतरच्या त्या माणसांना आपले मत कोणत्या पेटीत पडले ह्याची फिकीर नसेल. त्यांना पाणी लागेल, झाडे लागतील, आणि एकमेकांशी बोलणारा गाव लागेल. तो त्यांच्यापर्यंत पोहोचवणे आपल्या हाती आहे. तेव्हा वाद घाला, जोरात घाला, पण शक्यतो एकमेकांच्या समोर बसून घाला. चहा मात्र आधी सांगून ठेवा.